मीटरपेटीतली सातेरी

केरीच्या बंद पडलेल्या शाळेत
मीटरच्या पेटीत माश्यांनी संसार मांडला.
तक्रार गेली वीज खात्याकडे,
म्हणजे माझ्याकडेच.
निवृत्तीला अकरा महिने उरले होते.

पेटी उघडली तर सात पोळी, एकामागे एक,
मधे एका माशीला वाट सोडून दुसरीला वाट.
असं काम आमच्या ठेकेदाराकडून
चौतीस वर्षांत पाहिलं नाही.
आमच्याकडे हिला सातेरीच म्हणतात.
देवळातली सातेरीही वारुळाची.
मी चपला काढल्या. सवय.

ताळगावच्या पठारावरून इवॉन फुर्तादो आली,
विद्यापीठाची, तोंडावर जाळी,
हातात धुराचं भांडं.
म्हणाली, पुरसोबाब, तुम्ही तारांचे मनीस,
तुमका एक वायरिंग दाखयतां.

फोनवर चित्र होतं.
तिळाएवढा मेंदू, चकत्या करून, रंगवून,
भिंतीएवढा मोठा करता येणारा.
दहा लाख पेशी.
अख्ख्या सत्तरीत इतके दिवे नसतील.

एकेक डोळा म्हणजे पाच हजार खिडक्या,
दर खिडकीची आपली जोडणी,
आत तीन थर, आणि थराथरामधे तारांना पीळ:
पुढचं मागे, मागचं पुढे.
ही उलटी कुणी जोडली? मी विचारलं.
दोनदा उलटते, ती म्हणाली, म्हणून सुलटी होते.

तांबडं तिला दिसत नाही.
आमची धोक्याची पाटी, कवटी, हाडं,
तिला नुसती काळपट.

डोळ्याच्या वरच्या काठाला अरुंद किनार,
ती फक्त आभाळ वाचते.
कापडाला असतो तसा
निळ्या उजेडालाही उभा-आडवा धागा असतो म्हणे;
निळं चिंधीभर दिसलं तरी
ढगाआडचा सूर्य कुठे, ते हिला कळतं.
डावी-उजवीकडच्या तारा जिथे भेटतात तिथे
विंझण्यासारखं काही उघडलेलं आहे.
दिशा तिथे राहते.

आणि अंतर?

अंतर ती मोजते खालून मागे पळणाऱ्या जमिनीवरून.
काजूचे शेंडे, बांध, कुळागराची कुंपणं,
जितकं डोळ्यांवरून सरकलं तितकं आपण आलो.
म्हणून संथ पाण्यावरून गेली
तर हिशेब चुकतो, इवॉन म्हणाली.
पाण्यावर काही सरकत नाही.

मी काही बोललो नाही.
शाळेच्या पडवीतून धरण दिसतं.

खात्यात लागलो तेव्हा पहिलं काम मिळालं
आमच्याच वाडीतल्या तारा उतरवायचं.
एकोणीस खांब.
शेवटचा आमच्या दारातला,
त्यावरून आई खाली चुलीपाशी दिसायची,
तिने वर बघितलं नाही.
मे महिन्यात पाणी उतरलं की मी जातो.
चिखलात फणसाचं खोड आहे, काळं.
तिथून बावीस पावलं, मग उजवीकडे,
आणि उभा राहतो. वाकून आत जावं लागायचं,
अजून मान खाली जाते.

कातरवेळी आम्ही पोळी एकेक करून
लाकडी पेटीत बांधली.
इवॉनने राणी दाखवली, मला ती बाकीच्यांसारखीच वाटली.
पेटी दूर न्यायची, घाटापलीकडे;
जवळ ठेवली तर सगळ्या परत इथेच येतात.
गाडी गेली. हाताला मेणाचा वास राहिला.

सकाळी हजेरीआधी शाळेकडे वळलो.
तीसचाळीस असतील, रात्री बाहेर राहिलेल्या.
रिकाम्या पेटीसमोर हवेत,
बरोबर जुन्या दाराच्या उंचीवर,
पायांना काजूचे पिवळे पराग,
पुढे येत, मागे होत.
चुकत नव्हत्या कुठेच.

वहीत लिहिलं: पेटी साफ. झाकण बसवलं. काम पूर्ण.

झाकण अजून माझ्या पिशवीत आहे.